पोराच्या बोटाला ‘पक्कं’ प्लास्टर कशाला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शालेय स्पर्धांचे दिवस आले की आपल्या अंकात कबड्डी, खो-खोच्या जिंकलेल्या संघांचे फोटो येतात. मी चषक बघत नाही, पोरांचे हात बघतो. एखाद्याच्या तरी बोटाला पट्टी असते आणि ती बऱ्याचदा भलतीच बांधलेली असते. सवय जात नाही, दुसरं काय. मिरजेत हाडांच्या विभागातल्या प्लास्टर रूममध्ये माझी सगळी नोकरी गेली. काय करायचं ते डॉक्टर सांगायचे, बांधायचं काम माझं. त्यामुळे हाडात तार कुणाला घालावी, ऑपरेशन कधी करावं यावर मी तोंड उघडणार नाही. बांधण्याबद्दल मात्र बोलतो, कारण त्या बाबतीत आपल्या जिल्ह्यात गैरसमज फार आहेत, आणि शिकल्यासवरलेल्या घरांत जरा जास्तच.

पहिला गैरसमज हा की प्लास्टर जेवढं जाड तेवढा इलाज भारी. समजा दहा वर्षांचं पोरगं आहे. कॅच घेताना चेंडू अनामिकेच्या मधल्या सांध्यावर बसला, बोट सुजलं. फोटोत (एक्स-रेला आमच्याकडे सगळे फोटोच म्हणतात) सांध्याच्या तळव्याकडच्या बाजूला हाडाची बारीकशी कपची निघालेली दिसते. डॉक्टर चिठ्ठीवर लिहिणार : शेजारच्या बोटाला बांधा, दोन-तीन आठवडे, बोट हलवत राहू दे. मी पट्टी लावून मोकळा झालो की वडिलांचा चेहरा पडायचा. “एवढंच व्हय? निस्ती चिकटपट्टी लावली की वो! पक्कं प्लास्टर घाला, पैशाचं आमी बघतो.”

पैशाचा प्रश्नच नसतो. हा सांधा महिनाभर कडक बांधून ठेवला तर हाड जुळतं, पण सांधा धरतो. मग मूठ पूर्ण मिटत नाही आणि त्या आखडलेल्या बोटाला सैल करायला कपची जुळायला लागतात त्याहून जास्त दिवस जातात. अशा दुखापतीला शेजारचं बोट हीच स्प्लिंट, म्हणजे आधाराची पट्टी. ते बोट दुखऱ्या बोटाला आडवं जाऊ देत नाही, आणि मिटा-उघडायला सोबत नेतं.

अर्थात ही पट्टीही नीट लावावी लागते. दोन बोटांच्या मध्ये गॉजची पातळ घडी हवीच, नाहीतर घाम मुरून आतली कातडी पांढरी पडते आणि सोलते. एक पट्टी पहिल्या पेरावर, दुसरी मधल्या पेरावर, सांधे मोकळे. करंगळीला अनामिकेची जोड, तर्जनीला मधल्या बोटाची. दोन-तीन दिवसांनी सोडून, हात धुऊन, पुसून, नवी पट्टी. क्रीडाशिक्षक वायरिंगची काळी टेप गुंडाळून पाठवतात ते कृपा करून थांबवा. ती ताणून बसते, सैल होत नाही, आणि सूज आली की बोटाला फास लागतो.

मग प्लास्टर लागतंच कधी? हाड सरकलं असेल आणि डॉक्टरांनी ते बसवलं असेल, तर ते जागेवर धरायला लागतं. मुलांमध्ये करंगळीचं हाड बुडाशी मोडून बोट बाहेरच्या बाजूला फाकलेलं, हा प्रकार आमच्याकडे फार यायचा. बोट बधिर करून, करंगळी आणि अनामिकेच्या बेचक्यात पेन्सिल आडवी धरून, तिच्या आधाराने बोट आत घेण्याची जुनी युक्ती आहे. ते झालं की करंगळीच्या बाजूने कोपराच्या खालपर्यंत पन्हळीच्या आकाराचा स्लॅब (एका बाजूने मोकळं असलेलं अर्धं प्लास्टर) घालायचा, दोन्ही बोटं आत घेऊन. शाळकरी मोठी पोरं रागाच्या भरात बाकावर, भिंतीवर गुद्दा हाणतात आणि करंगळीच्या रेषेतलं तळहाताचं हाड मानेशी मोडून घेतात, त्यांनाही हाच स्लॅब, नाहीतर हाड फार वाकलं नसेल तर नुसती शेजारच्या बोटाची पट्टी. (गुद्दा भिंतीवर बसला की दुसऱ्याच्या दातावर, हे पोराने डॉक्टरांना खरं सांगायला हवं. दातामुळे झालेली एवढीशी जखम सांध्यात पू करते. आईबापाला बाहेर बसवलं की खरं बाहेर पडायचं.)

स्लॅब घालताना हात कुठल्या स्थितीत ठेवायचा, यावर अर्धं यश असतं. मनगट किंचित मागे, बोटं तळहाताला मिळतात तिथले मोठे सांधे जवळजवळ काटकोनात वाकलेले, पुढची पेरं सरळ. मुलांना मी सांगायचो, बदकाची चोच करून दाखव. करायची बरोबर. या स्थितीत सांध्यांच्या बाजूच्या दोऱ्या (हाडाला हाड बांधणारे अस्थिबंध) ताणलेल्या राहतात, त्यामुळे त्या आखूड होऊन सांधा धरत नाहीत. सगळी बोटं सपाट पसरून फळीवर बांधलेला हात पाहिला की माझं डोकं फिरतं.

आता ज्यासाठी हे पत्र मुख्यतः लिहायला घेतलं ते सांगतो. मुलांची हाडं स्वतःहून सरळ होतात, हे सगळ्यांनी ऐकलेलं असतं आणि ते बरंचसं खरंही आहे. बोटांच्या हाडांत वाढीची चकती (हाड जिथून लांबीला वाढतं ती) बुडाशी असते, तळहाताच्या हाडांत ती पुढच्या टोकाला असते. अंगठ्याचं तेवढं उलटं, बुडाशी. त्या चकतीजवळ हाड थोडं वाकडं जुळलं आणि तो वाक सांधा ज्या दिशेने मिटतो त्याच दिशेचा असला, तर वाढत्या वयात तो भरून निघतो. मूल जेवढं लहान तेवढा जास्त. पण हाड स्वतःभोवती फिरून, पीळ पडून जुळलं तर तो पीळ तसाच राहतो. वय काहीही असो. आणि पीळ एक्स-रेत पटकन कळत नाही. बोट सरळ असताना नुसत्या डोळ्यांनाही कळत नाही. मूठ मिटली की करंगळी अनामिकेखाली घुसते, तेव्हा लक्षात येतं.

म्हणून पट्टी असो, स्लॅब असो की अल्युमिनियमची स्प्लिंट, बांधण्याआधी मूठ मिटून बघायला हवी. मिटलेल्या बोटांचा रोख अंगठ्याच्या बुडाकडे हवा, एकही बोट दुसऱ्यावर चढता कामा नये. दुखतंय म्हणून मूल मूठ मिटत नसेल तर एक सोपी गोष्ट करतात : कोपर टेबलावर ठेवून त्याचं मनगट अलगद मागे न्यायचं. बोटं आपोआप अर्धी मिटतात, मूल काही करत नाही, त्याला फारसं दुखतही नाही. मग समोरून नखांची ओळ बघायची आणि दुसऱ्या हाताशी ताडून बघायची, कारण काहींची करंगळी जन्मतःच थोडी आत वळलेली असते. हे काम अर्ध्या मिनिटाचं आहे. गर्दीच्या ओपीडीत ते राहून जातं. आईबापाने विचारावं, “डॉक्टर, मूठ मिटून बघितली का?” कुणाला राग येणार नाही, आणि आला तर येऊ द्या.

कच्च्या आणि पक्क्या प्लास्टरचा घोळ असाच. पहिल्या दिवशी अर्ध्या बाजूने स्लॅब, म्हणजे कच्चं, घालून वरून क्रेप बँडेज गुंडाळलं की लोकांना वाटतं, परत बोलावून पुन्हा पैसे काढायचा धंदा. पहिले दोन-तीन दिवस हात सुजतो. चारी बाजूंनी बंद, म्हणजे पक्कं, प्लास्टर घातलं तर सुजेला जागा राहत नाही, ती आतल्या रक्तवाहिन्या दाबते. स्लॅब एका बाजूला मोकळा, त्यामुळे बँडेज ताणलं जातं आणि सूज सामावते. बोटांच्या बहुतेक मोडींना तोच स्लॅब शेवटपर्यंत पुरतो, पक्कं घालायची वेळच येत नाही. मुलांची बोटं तीन-चार आठवड्यांत जुळतात. जागा दाबून दुखली नाही की सोडायचं. एक्स-रेत हाड भरलेलं दिसायला त्याहून जास्त वेळ लागतो, त्याची वाट बघत बसायचं नसतं.

पाच वर्षांच्या आतलं पोर मात्र वेगळा प्राणी आहे. त्याला कोपराच्या खालपर्यंतचा स्लॅब घालून पाठवलं की मिरज स्टेशन यायच्या आत ते हात बाहेर काढतं. गुबगुबीत हात, निमुळतं मनगट, धरायला काही नाही. त्याला सगळी बोटं आत घेऊन, कोपर काटकोनात वाकवून, दंडापर्यंत घालावं लागतं. “येवढ्याशा बोटाला सगळा हात कशाला बांधला?” म्हणून इथे उलटी तक्रार यायची. आज्या तर भांडायच्याच. बोटासाठी नाही हो, पोरासाठी बांधलाय.

दारात सापडलेलं बोट हा लहान मुलांचा सगळ्यात नेहमीचा अपघात. लोखंडी दार, गाडीचं दार, टपरीचं शटर. शेवटच्या पेराचं टोक नुसतं चेचलं असेल तर जखम साफ करून त्या एका सांध्यापुरती छोटी स्प्लिंट दोन-तीन आठवडे पुरे. पण नख बुडातून निसटून कातडीच्या वर आलेलं दिसलं, बुडाशी रक्त आहे आणि बोटाचं टोक खाली वाकलंय, तर नुसती स्प्लिंट लावून घरी येऊ नका. नखाच्या बरोबर खाली वाढीची चकती आहे. ती उघडी पडलेली असते आणि नखाच्या बुडाची कातडी तिच्यात अडकलेली असू शकते. ते धुऊन, आतलं सोडवून, औषध देऊन मग बांधायचं असतं. राहिलं तर हाडात पू होतो आणि नख, बोट दोन्ही बिघडतात. दिसायला मात्र नख उपटल्यासारखं किरकोळ दिसतं. तसंच चेचलेल्या बोटाचा बाजूने काढलेला फोटो हवाच. बोटाच्या हाडाचं डोकं मोडून मागे फिरलेलं समोरच्या फोटोत लपून जातं, आणि त्याला बहुधा तार लागते.

चेंडू बोटाच्या टोकावर बसून टोक खाली लोंबायला लागलं आणि पोराला ते उचलता येत नसेल, तर त्याला टोपणासारखी प्लास्टिकची मॅलेट स्प्लिंट मिळते. ती शेवटचाच सांधा सरळ धरते. साधारण सहा आठवडे, अखंड. आंघोळीपुरती काढली आणि टोक एकदा खाली पडलं तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून. धुवायची असेल तर बोट टेबलावर सरळ टेकवून काढायची. अंगठ्याला मनगटासकट अंगठा धरणारा वेगळा स्लॅब असतो, तो करंगळीच्या बाजूने घालून चालत नाही. एवढं सांगितलं तरी पुरे.

निळ्या फोमची अल्युमिनियम पट्टी मेडिकलमध्ये सहज मिळते, म्हणून लोक ती स्वतःच आणून लावतात. तात्पुरती ठीक आहे. पण ती मोठ्या माणसाच्या बोटाच्या मापाची असते. उभी कापली की कडा पात्यासारखी होते, तिच्यावर चिकटपट्टी दुमडावी लागते. आणि ती बोटापुरतीच लावली तर बुडाशी मोडलेलं हाड धरतच नाही, वरच्या वर डुलत राहते.

फायबर की साधं प्लास्टर, हा अलीकडचा प्रतिष्ठेचा प्रश्न. फायबर हलकं, लवकर सुकतं, रंगीत मिळतं, पोरं खूश. पाण्याने फायबर बिघडत नाही, पण आतला कापूस भिजतो आणि भिजलेला राहतो, हे विकणारा सांगत नाही. २०१९च्या महापुरानंतर आतून कुबट झालेले हात किती सोडवले त्याची गणती नाही. साधं प्लास्टर जड, सुकायला दिवस-दोन दिवस घेतं, पावसाळ्यात त्याहून जास्त. पण लहान हातावर ते जसं दाबाल तसं बसतं. मला विचाराल तर बोट बसवून धरायचं असेल तेव्हा साधंच. कापडात प्लास्टरची पूड भरून पट्टी करायची ही युक्ती मॅथायसन नावाच्या डच लष्करी डॉक्टरने काढली आणि १८५२ साली प्रसिद्ध केली. माझ्या नोकरीच्या सुरुवातीला आम्हीही तेच करत होतो : टेबलावर गॉज पसरायचं, पूड तळहाताने घासत भरायची, सैलसर गुंडाळायचं. संध्याकाळी भुवयासुद्धा पांढऱ्या. त्याने एक कळलं, पाणी कोमट हवं. प्लास्टर घट्ट होताना स्वतःच तापतं. पाणी कढत घेतलं, थर वाढवले आणि ओला हात उशीवर दाबून ठेवला तर कोवळी कातडी भाजते. मोठ्यांना “गरम लागतंय” म्हणता येतं. दोन वर्षांचं पोर नुसतं रडतं आणि सगळे समजतात, मोडल्यामुळे रडतंय.

गरम पाण्यात मऊ होणाऱ्या प्लास्टिकच्या पत्र्यापासून हाताच्या मापाची स्प्लिंटही करतात. सत्तर अंशांच्या आसपासच्या पाण्यात तो पत्रा लुळा पडतो, पुसून हातावर ठेवायचा, दोन-चार मिनिटांत आकार धरतो. धुता येते, काढता येते. काढता येते हीच तिची खोट. दहा-बारा वर्षांच्या समंजस मुलाला झकास, नाठाळाला नको. आणि ती गाडीच्या काचेखाली उन्हात ठेवली की पापड.

नोकरीच्या शेवटी एका तरुण डॉक्टरांनी ब्रिटनमधल्या एका अभ्यासाबद्दल सांगितलं होतं. मनगटाजवळचं हाड नुसतं चेपलेल्या, सरकलेलं नसलेल्या, ४ ते १५ वर्षांच्या ९६५ मुलांचा तो अभ्यास होता, २३ रुग्णालयांत मिळून. ‘लॅन्सेट’मध्ये २०२२ साली आला. काहींना मऊ बँडेज देऊन घरी पाठवलं, काहींना कडक आधार दिला. तीन दिवसांनी दुखणं सारखंच, सहा आठवड्यांनी हात चालणंही सारखंच. ते मनगटाचं आहे, बोटाचं नाही, हे मान्य. पण प्लास्टर मागून भांडणाऱ्या प्रत्येक बापाला ते वाचून दाखवावं असं मला तेव्हा वाटलं.

आता श्रावण आहे, म्हणून एक. राख्या बांधल्या की पोरं त्या गोपाळकाल्यापर्यंत सोडत नाहीत. हाताला मार बसला की सर्वांत आधी राखी, काळा दोरा, देवाचा गोफ, कडं, बिंदल्या, अंगठी, सगळं काढा. सूज यायच्या आत. नजरेचा दोरा कापायला आजी तयार नसते. मी कितीदा आधी दोरा कापला आणि मग परवानगी मागितली. घरी आधार द्यायला काही नसेल तर आपल्या दैनिकाचा एक अंक घडी करून मनगटाखाली घ्या, वरून रुमाल बांधा, हात छातीच्या वर धरा. बर्फ फडक्यात गुंडाळून, पंधरा-वीस मिनिटं. रविवारची पुरवणी जाड असते, ती उत्तम.

हाडवैद्यांबद्दल लिहिलं की पत्रं येतात, ती येऊ देत. लचक त्यांच्याकडे बरी होते, कारण ती तशीही बरी होते. मोडलेल्या बोटाला तेल लावून चोळणं आणि अंड्यात भिजवलेलं कापड, वर बांबूच्या कामट्या करकचून बांधणं, यातलं दुसरं मला जास्त भीतीचं वाटतं. फोल्कमान या जर्मन सर्जनने घट्ट बांधण्याने हात कसा कायमचा आकसतो ते १८८१ साली लिहून ठेवलंय. आपल्याकडे तसे हात अजून येतात. बोटं गार किंवा निळी पडली, मुंग्या आल्या, औषध देऊनही रडणं वाढतच गेलं, कुणी बोट हलकेच सरळ करायला गेलं की पोर किंचाळलं, तर सकाळची वाट बघू नका. नख दाबून सोडा. दोनेक सेकंदांत गुलाबी व्हायला हवं. नाही झालं तर वरचं बँडेज कात्रीने उभं कापून सैल करा आणि निघा. हे दवाखान्यात घातलेल्या स्लॅबलाही लागू आहे. लोक खर्चाला भिऊन हाडवैद्याकडे जातात, पण १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत आहेत.

तिथे गेल्यावर काय मिळतं, हा पुढचा प्रश्न. माझ्या पाहण्यात ग्रामीण रुग्णालयांत प्लास्टरचे रोल चार आणि सहा इंचीच यायचे. सहा वर्षांच्या मुलाच्या हाताला दोन-तीन इंची लागतो. मग सहा इंची रोल मधोमध कापा, कडा विस्कटतात, थर वेडेवाकडे पडतात. जिल्हा परिषदेने आणि आरोग्य खात्याने लहान मापाचे रोल, अर्ध्या इंचाच्या स्प्लिंट आणि कागदी चिकटपट्टी एवढं जत, आटपाडी, शिराळ्यापर्यंत पोचवलं तर एका बोटासाठी लोकांना मिरज गाठावं लागणार नाही. मागणीपत्रात ‘लहान मुलांसाठी’ असं स्वतंत्र लिहिल्याशिवाय ते येत नाही, हा माझा अनुभव आहे; भांडारपाल मोठ्या मापाचंच मागवतो, कारण ते कापता येतं.

क्रीडाशिक्षकांसाठी म्हणाल तर अर्ध्या दिवसाचं काम आहे : शेजारच्या बोटाची पट्टी, मूठ मिटून बघणं, कुणाला लगेच पुढे पाठवायचं. कुठल्या शाळेने बोलावलं तर गॉज आणि पट्टीचा डबा घेऊन मी येईन, गाडीभाडंही नको. शनिवारी बोलवा, सकाळची शाळा असते. दुपारी मी झोपतो.

आपला,
हाडांच्या विभागातला एक निवृत्त प्लास्टर टेक्निशियन,
मिरज, जि. सांगली